बीएस्सीची मुलं आणि फेजचे जीनोम : कोकणातल्या कॉलेजात जमेल का?

कातळफूल

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान कॉलेजात मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) आणि चौथ्या वर्षाचं 'ऑनर्स विथ रिसर्च' असं सगळं एकदम अंगावर आलंय. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात दरवर्षी तेच ते प्रोजेक्ट : कोकमाच्या सालीच्या अर्काचा जंतूंवर परिणाम, विहिरीच्या पाण्यातले कोलीफॉर्म, आंब्याच्या कोयीचा अर्क. उत्तर मुलांना आधीच ठाऊक, परीक्षकांना ठाऊक, आणि मागच्या बॅचची फाईल कपाटात आहेच.

म्हणून फेजचा विचार डोक्यात घोळतोय. विषयाबाहेरच्यांसाठी थोडक्यात : बॅक्टेरिओफेज म्हणजे फक्त जीवाणूंना मारणारे, किंवा त्यांच्यात मुक्काम ठोकणारे विषाणू. पृथ्वीवर ते एकावर एकतीस शून्यं इतके असावेत असा अंदाज सांगतात. म्हणजे आमच्या आगरातल्या मूठभर मातीतही कुणी कधी न पाहिलेला फेज असणार.

अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात ग्रॅहम हॅटफुल यांच्या प्रयोगशाळेने २००२ च्या सुमारास शाळा-कॉलेजातल्या मुलांना या कामात घेतलं. २००८ पासून हॉवर्ड ह्यूज संस्थेने तोच प्रकार 'सी-फेजेस' नावाने कितीतरी कॉलेजांत नेला. पहिल्या वर्षाची मुलं स्वतः माती आणतात, स्वतःचा फेज शोधतात, त्याला नाव देतात. मग त्याचा डीएनए वाचून घेतला जातो आणि त्यातले जीन कुठे सुरू होतात, कुठे संपतात हे मुलंच ठरवतात. तो जीनोम, म्हणजे फेजचा सगळा डीएनए, जेनबँक या जीनोमच्या खुल्या भांडारात जातो.

माझ्या अडचणी तीन. होस्ट, म्हणजे ज्यावर फेज वाढवायचा तो जंतू, कुठला घ्यावा? सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचून घ्यायला, पैसे कुठून आणावेत? आणि तिसरी, जी जास्त सतावते : हे खरंच संशोधन आहे, की नटवलेलं प्रॅक्टिकल? ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणी लिहा.

वाशिष्ठीकाठ

मॅडम, धागा काढलात हे छान केलंत. मी मूळचा चिपळूणचा, आता पुण्यात पोस्टडॉक.

होस्टबद्दल. 'सी-फेजेस'वाले बहुतेक करून मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस वापरतात. टीबीच्या जंतूचा मातीत राहणारा चुलतभाऊ, पण टीबी करत नाही, आणि तीनेक तासांत दुप्पट होतो. दोन दिवसांत प्लेटवर प्लाक, म्हणजे फेजने जंतू मारल्यावर पडणारी भोकं, दिसायला लागतात. पुण्यात एनसीएल आणि चंडीगडला इमटेक इथल्या कल्चर कलेक्शनमधून असे जंतू रीतसर मागवता येतात. कुणाच्या ओळखीने ट्यूब आणू नका. जंतूची नोंद नसेल तर पुढे फेजची नोंदही लंगडी पडते.

एक बारीक गोष्ट, जी पुस्तकात पटकन सापडत नाही. या जंतूच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून माध्यमात ट्वीन ८० (साबणासारखा पदार्थ) घालायची सवय असते. फेजच्या प्रयोगात ते चालत नाही, फेज जंतूला चिकटतच नाही. ट्वीनशिवाय कल्चर वाढवा आणि १ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड घाला. नाहीतर मुलं आठवडाभर कोऱ्या प्लेटा बघत बसतील.

माती म्हणाल तर मे महिन्यातला तापलेला कातळ नको. शेणखताचा खड्डा, नारळी-पोफळीच्या आगरातली कुजलेली पानं, केळीच्या बुंध्यातला ओलावा बघा. जिथे कुजतंय आणि ओल आहे तिथे जास्त शक्यता.

सड्यावरचा

थोडं थंड पाणी ओततो, रागावू नका.

हा पोस्टाची तिकिटं जमवण्याचा छंद आहे. कुणाच्या परसात एक फेज मिळाला, त्याला आजीचं नाव दिलं, फोटो काढला, जेनबँकेत टाकला. पुढे? अमेरिकेत हजारांनी फेज झालेत. गुहागरचा आणखी एक सापडून कुणाच्या ज्ञानात काय भर पडली?

दुसरं, यात फुकटची मजुरी नाही का? शोधायचं पोरांनी, पेपर मोठ्या लोकांचा. आपल्याकडे तर हे आणखीच होणार.

वाशिष्ठीकाठ

@सड्यावरचा, दुसरा मुद्दा मान्य, त्यावर मॅडमनी पहिल्याच दिवशी लेखी नियम करावेत. पहिला मान्य नाही.

२०१५ मध्ये 'ईलाइफ' या संशोधनपत्रिकेत ६२७ मायकोबॅक्टेरिओफेजच्या (मायकोबॅक्टेरियमवरच्या फेजच्या) जीनोमची तुलना आली. प्रश्न असा होता की फेजचे जे गट आपण पाडतो ते खरोखर वेगवेगळे, की एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारे? उत्तर निघालं, मिसळत जाणारे, पण सगळीकडे सारखी दाटी नाही. दहा-वीस फेजवर हे कळलंच नसतं. त्यातले बहुतेक फेज विद्यार्थ्यांनी शोधलेले होते आणि लेखकांत विद्यार्थ्यांचीही नावं आहेत. तिकिटं म्हणा हवं तर. पण तिकिटं एका टेबलावर मांडली म्हणूनच प्रश्न विचारता आला.

गंगौघ

आपल्याकडे हे पूर्वापार माहीत होतं. गंगेचं पाणी खराब का होत नाही? फेजमुळेच. इंग्रजांनी १८९६ मध्येच मान्य केलंय.

टीटीजी

@गंगौघ, जरा सावकाश. अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. फेज ही कल्पना त्यांच्यासमोर नव्हती. ती ट्वॉर्ट यांच्या १९१५ च्या आणि देरेल यांच्या १९१७ च्या कामातून आली. हँकिन यांना दिसलं ते फेजच होते का, यावर आजही एकमत नाही. देरेल स्वतः १९२० च्या दशकात कॉलऱ्यावर फेज देऊन बघायला हिंदुस्थानात आले होते, हे मात्र खरं. गंगेवर वेगळा धागा काढा, तिथे भांडू. इथे मॅडमचा प्रश्न आहे.

तर मॅडम, मी बंगळुरूला जीनोमिक्समध्ये आहे, गाव देवगड. माझं मत थोडं उलट्या दिशेचं आहे : फेज पकडण्यापासून सुरुवात करूच नका. जीनोमपासून करा. त्याला आज एक रुपयाही लागत नाही.

एल५ आणि डी२९ हे दोन जुने मायकोबॅक्टेरिओफेज घ्या. दोन्हींचे जीनोम जेनबँकेत फुकट आहेत. एल५ चा ५२,२९७ बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), डी२९ चा ४९,१३६ बेसचा. दोघं जवळचे नातेवाईक. पण एल५ जंतूत शिरून गप्प राहू शकतो, तर डी२९ शिरला की जंतू फोडतोच. का? हे मुलांना सांगायचं नाही. दोन्ही जीनोम शेजारी-शेजारी मांडायला लावायचे आणि कुठे काय गायब आहे ते शोधायला सांगायचं. डी२९ मध्ये साधारण ३.६ हजार बेसचा तुकडा गळालेला सापडतो, आणि एल५ मध्ये त्याच जागी ७१ क्रमांकाचं जीन बसलेलं दिसतं. ते रिप्रेसरचं. फेजला गप्प बसवणारा प्रोटीन तोच.

हे ज्यांनी स्वतः शोधलं, त्यांना मग २०१९ ची गोष्ट सांगा. लंडनमधली १५ वर्षांची मुलगी, सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं खराब करणारा आनुवंशिक आजार, फुप्फुसांचं प्रत्यारोपण झालेलं, आणि त्यानंतर अंगभर पसरलेला मायकोबॅक्टेरियम अॅब्सेससचा संसर्ग. अँटिबायोटिक्स हरली होती. हॅटफुल यांच्या संग्रहातून तीन फेज निवडले : मडी, झोईजे आणि बीपीएस. मडी मूळचाच जंतू फोडणारा. उरलेले दोघे गप्प बसण्याची कला जाणणारे, त्यामुळे औषध म्हणून बिनकामाचे. म्हणून त्यांचं रिप्रेसरचं काम काढून टाकलं. झोईजेमध्ये ते ४५ क्रमांकाचं जीन. मुलीची तब्येत सुधारली. निसर्गाने डी२९ मध्ये जे केलं, तेच प्रयोगशाळेत मुद्दाम केलं गेलं. आणि कुठलं जीन काढायचं हे कळलं, कारण आधी कुणीतरी बसून जीनोमवर खुणा केल्या होत्या.

मडी कुठे सापडला ठाऊक आहे? दक्षिण आफ्रिकेत डरबनला, सडक्या वांग्याच्या खालच्या बाजूला. विद्यार्थ्यांच्या उपक्रमातच. @सड्यावरचा, हे तिकीट कुठल्या अल्बममध्ये लावाल?

सड्यावरचा

वांग्याचं मान्य. पण सॉफ्टवेअर आजकाल जीन स्वतःच शोधतं ना? मग पोरांनी काय करायचं, बटन दाबायचं?

टीटीजी

ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो.

ग्लिमर आणि जीनमार्क हे प्रोग्राम जीन सुचवतात. शेवट सहसा बरोबर सांगतात. सुरुवातीवर मात्र दोघांचं नेहमी पटतं असं नाही. जीवाणू आणि फेज यांच्यात जीन एटीजी या तीन अक्षरांनी सुरू होतं, जीटीजीनेही होतं, क्वचित टीटीजीनेही (माझ्या आयडीचं रहस्य). एकाच जीनला चार-पाच संभाव्य सुरुवाती असू शकतात. मग बघावं लागतं : जरा मागे रायबोसोम (जीन वाचून प्रोटीन बनवणारं पेशीतलं यंत्र) बसायची जागा चांगली आहे का? मागच्या जीनशी अंतर किती? जवळच्या नातेवाइकांत तीच सुरुवात टिकून आहे का? फेजमध्ये जागेची चैन नसते, जीन खेटून असतात. पुष्कळदा एकाचा शेवट टीजीए आणि दुसऱ्याची सुरुवात एटीजी अशी एकमेकांत अडकते, की 'एटीजीए' ही चार अक्षरं दोघांची सामाईक. ते दिसलं की मुलं खूश होतात, आणि खूश होऊन सगळीकडे तेच शोधायला लागतात. तिथे मास्तरांनी कान पकडायचा.

शिवाय काही ठिकाणी प्रोग्राम हमखास गंडतो. लांब शेपटीच्या फेजमध्ये टेप मेजर नावाचं प्रोटीन असतं, शेपटीची लांबी त्यावरून ठरते. बहुधा जीनोममधलं सगळ्यात लांब जीन तेच, त्यामुळे ओळखायला सोपं. त्याच्या आधी दोन जीन असतात, त्यातलं पहिलं वाचताना रायबोसोम कधीकधी शेवटाजवळ एक अक्षर मागे सरकतो आणि दुसरंही त्यालाच जोडून वाचत जातो. प्रोग्रामला हे सहसा दिसत नाही. डोळ्यांनी शोधावं लागतं, कुठे घसरलं ते अक्षर ठरवावं लागतं.

आणि काम काय, हे शोधणं तर वेगळंच. ब्लास्ट, एचएचप्रेड ही साम्य शोधणारी साधनं लावूनही निम्म्याहून जास्त जीनपुढे 'कार्य अज्ञात' असंच लिहावं लागतं. आपल्या मुलांना हे फार जड जातं. रकाना रिकामा ठेवायचा म्हणजे मार्क जाणार, असं त्यांच्या अंगात भिनलेलं. म्हणून कुठेतरी कमजोर साम्य दिसलं की ठोकून देतात नाव. ती सवय मोडली तरी चौथं वर्ष वसूल.

माझ्या मते संशोधन इथे घडतं. मूल प्रोजेक्टरसमोर उभं राहतं, म्हणतं 'मी हीच सुरुवात घेणार, कारण अमुक', आणि वर्गातलं दुसरं म्हणतं 'नाही पटत'. बरोबर उत्तर कुठल्या गाईडमध्ये नसतं. मॅडमकडेही नसतं.

माडाखाली

माका एक सांगा. माझो झील यंदा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाक आसा, मालवणाक. ह्या सगळा करून पोरांक नोकरी गावतली काय? आणि जंतू नि विषाणू हाताळूक दितत, ता धोक्याचा नाय? कोरोनापासून घरात 'विषाणू' म्हटला की आमची आये घाबरता.

वाशिष्ठीकाठ

काका, आजीला सांगा की फेज माणसाच्या पेशीला धरत नाही. त्याला फक्त त्याचा जंतू लागतो. धोका असलाच तर होस्ट जंतूचा. म्हणून तर स्मेग्मॅटिससारखा साधा घ्यायचा, आणि तोही हातमोजे घालून, ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाच्या वाफेने मारूनच) फेकायचा. जखम उघडी असेल तर त्या दिवशी बेंचवर बसू देऊ नये.

यावरून मॅडमना एक : कोळंबीच्या तलावातल्या व्हिब्रियोवर फेज शोधायचा मोह कोकणात होणारच, विषय आपल्या दारातला आहे. पण व्हिब्रियो पॅराहिमोलिटिकसने माणसालाही हगवण लागते. बीएस्सीच्या लॅबमध्ये नको. हॉस्पिटलच्या सांडपाण्यातले औषधांना न जुमानणारे जंतू तर अजिबात नकोत, 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत कितीही बक्षीस मिळणार असलं तरी.

नोकरीचं खोटं सांगणार नाही. फेजची अशी नोकरी आपल्याकडे कमीच. पण जीनोमचा डेटा वाचता येणाऱ्याला निदान, औषध, बियाणं या सगळ्या धंद्यांत विचारतात. फक्त पीपेट धरता येणारे पुष्कळ आहेत.

माडाखाली

बरा. झिलाक हयसर वाचूक सांगतंय.

वांगीवाफा

दापोलीत कृषी शिकलो, आता स्वतःची भाजी करतो. वरचं वांगं वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे वांगी, टोमॅटो, मिरची मर रोगाने जातात. हिरवंगार झाड दोन दिवसांत माना टाकतं. खोड कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरलं की दुधाळ धागे खाली उतरतात, म्हणजे राल्स्टोनिया हा जंतू. आपल्या आंबट जांभ्या मातीत आणि पावसाळी दमटपणात तो मजेत असतो. यावर फेज शोधले तर मुलांना शेताशीही बांधता येईल. जंतू माणसाचा नाही, झाडाचा. २८ अंशांवर वाढतो, म्हणजे लाईट गेली आणि इनक्युबेटर बंद पडला तरी कोकणात काम अडत नाही!

टीटीजी

@वांगीवाफा, मस्त सुचवलंत. एकच सावधगिरी. फेज म्हणजे शेतकऱ्याचा मित्र असं धरून चालू नका. राल्स्टोनियाचा आरएसएस१ हा धाग्यासारखा फेज जपानमध्ये अभ्यासलाय. तो जंतूला मारत नाही, त्याच्यात राहतो, आणि रोग वाढवतो असं दिसलं. प्लेटवर प्लाक दिसला म्हणून लायसेट (जंतू फुटून तयार झालेलं फेजचं पाणी) वाफ्यात ओतलं, असं कुणी करू नये. आधी जीनोम, त्यात इंटिग्रेज (फेजला जंतूच्या डीएनएत घुसवणारं प्रोटीन) आहे का, रिप्रेसर आहे का ते बघणं, मग कुंडी, आणि शेत खूप नंतर.

ओला_अगार

मी फेजच्या लॅबमधून एमएस्सी केलं. तात्त्विक चर्चा झाली, आता पावसाळ्याचं ऐका.

जून ते सप्टेंबर प्लेटांवर बुरशी येणारच. 'सी-फेजेस'च्या रेसिपीत कार्बेनिसिलिन असतं ते नको असलेल्या जंतूंसाठी, आणि सायक्लोहेक्झिमाइड असतं ते बुरशीसाठी. दुसरं विषारी आहे, ते शिक्षकांनीच तोलावं. प्लेटा नीट सुकवून, उलट्या ठेवाव्यात. झाकणावरचा एक थेंब पडला की दहा प्लाकचा एक ओघळ होतो आणि मोजणी गेली.

टॉप अगार, म्हणजे जंतू आणि फेज मिसळून प्लेटवर ओतायचा वरचा थर, ५० अंशांच्या आसपास पातळ राहायला हवा. लाईट गेली की वॉटर बाथ थंड, अगारच्या गुठळ्या. थर्मासमध्ये गरम पाणी तयार ठेवा, वेळ निभावते. चांगली बाजू म्हणजे फेजचं लायसेट साध्या फ्रीजमध्ये महिनोन्महिने टिकतं. उणे ८० चा फ्रीझर नाही म्हणून रडायचं कारण नाही.

सगळ्यात महत्त्वाचं : फेज लॅबभर पसरतो. होस्टचं कल्चर आणि लायसेट एका बाकावर, एका पीपेटने कधीही नाही. रोज एक प्लेट फक्त होस्टची, फेज न घालता. तिच्यावर भोकं दिसली की त्या दिवशीचे सगळ्यांचे 'शोध' रद्द. आणि एक प्लाक म्हणजे एक फेज असं धरू नका. एकट्या प्लाकला टोचून पुन्हा पसरवायचं, असं निदान तीनदा. मुलं इथे कंटाळतात. इथे घाई केली तर सिक्वेन्सिंगमध्ये दोन जीनोमची खिचडी येते.

कातळफूल

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. @टीटीजी, तुमचं उलटं सुरू करायचं पटलं. ही सहामाही एल५-डी२९ वर घालवते. कॉम्प्युटर लॅब दुपारी रिकामी असते. फेज शोधायला पावसाळा ओसरल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत मुलं आपापल्या वाडीतून माती आणतील. पिशवीवर तारीख, जागा, अक्षांश-रेखांश. वांग्याचं पुढच्या वर्षी.

सिक्वेन्सिंगचं मात्र अजून कोडंच आहे.

टीटीजी

मॅडम, साधा हिशोब करा. ६०,००० बेसचा फेज शंभर पट खोलीने, म्हणजे प्रत्येक अक्षर शंभरदा, वाचायचा म्हटलं तरी ६० लाख बेस लागतात. आजच्या मशीनसाठी हे काहीच नाही. महाग पडतं ते एकट्याने एक नमुना पाठवणं. महाड, चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडी अशा चार-पाच कॉलेजांनी मिळून वर्षातून एकदा, प्रत्येक नमुन्याला वेगळा बारकोड (ओळखीचा डीएनएचा तुकडा) लावून एकत्र पाठवलं तर दर नमुन्याचा खर्च बराच खाली येतो. सगळे फेज वाचायचेच असंही नाही. डीएनए रेस्ट्रिक्शन एन्झाइमने (ठरावीक जागी डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने) कापून जेलवर बघा, पट्टे वेगळे दिसतील तेवढेच पाठवा. मुलांना निवड करायला लावा आणि कारण लिहून घ्या.

जीनोम जेनबँकेसोबत फरीदाबादच्या आयबीडीसीत, म्हणजे आपल्या देशाच्या जैविक डेटा केंद्रातही ठेवता येतो. मात्र प्रत्यक्ष फेज किंवा माती परदेशी सहकाऱ्याला पाठवायची वेळ आली तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी.

सड्यावरचा

माझ्या मजुरीच्या मुद्द्याचं काय झालं?

कातळफूल

लिहून ठेवलंय, सर. नोंदीत फेज शोधणाऱ्याचं नाव. ज्याने सुरुवाती ठरवून वर्गासमोर मांडल्या त्याचं नाव लेखकांत. ज्याने नुसती सही केली त्याचं नाही, मग तो विभागप्रमुख का असेना. (विभागप्रमुख मीच आहे, त्यामुळे मंजुरी लगेच मिळाली.)

तिसरा_बाक

मी मॅडमची विद्यार्थिनी. आज डी२९ चा भाग वाटून दिला. माझ्या वाटणीच्या एका जीनला ग्लिमर एटीजी म्हणतं, जीनमार्क आणखी मागचं जीटीजी म्हणतं. जीटीजी घेतलं तर जीन लांब होतं, पण मागच्या जीनवर ५० बेसच्या वर चढतं. एटीजी घेतलं तर बरोबर चार बेस सामाईक, एटीजीए. मला एटीजी घ्यावंसं वाटतंय. पण सर, तुम्ही वर लिहिलंय की एटीजीए दिसलं म्हणून खूश होऊ नका.

टीटीजी

मग खूश होण्याआधी दोन गोष्टी बघ. एक, एटीजीच्या आधी सात-आठ बेसवर रायबोसोमची जागा आहे का. दोन, एल५ मधलं तेच जीन काढ. तिथे ते मागचं जीटीजी शिल्लक आहे का?

तिसरा_बाक

एल५ मध्ये त्या जागी जीटीसी आहे. एटीजी मात्र दोन्हीकडे आहे. रायबोसोमची जागा ठीकठाक, फार जोरदार नाही.

टीटीजी

मग एटीजी घे आणि हेच कारण असंच्या असं वहीत लिही, 'ठीकठाक' सकट. आणि जेनबँकेतल्या नोंदीत काय दिलंय ते आता उघडून बघ, आधी नाही.

तिसरा_बाक

आधीच बघितलं होतं सर. तिथे जीटीजी आहे. म्हणूनच विचारलं.

टीटीजी

तर मग सोमवारी वर्गात उभी राहा आणि मांड.